गाळा क्रमांक एकशे सत्तावीस

कोर्नेलिया, तुझ्या पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात
पाच दुकानं एक डोळा उघडा ठेवून झोपलीत.
संगणक सुरू केला की तीही उठतात, कुणी न बोलावता,
जशी आमची शटरं उठायची पहाटे पाचला,
वूच शहरात, बावूतीच्या बाजारात,
पारा शून्याखाली बारा.

तू माझी भाडेकरू, भाडं पाच तारखेला देतेस,
म्हणून विचारलंस ते खरं सांगतो.
एकच खेळ, चार दुकानं, चार भाव:
कुठून घेऊ, इरेनेउशकाका?
मला विचारतेस! ज्यानं सगळा धंदा
एका लोखंडी खाटेवर केला,
गाळा एकशे सत्तावीस,
तबकड्यांची मुखपृष्ठं झेरॉक्सची,
पिवळी शाई कायम संपलेली,
त्यामुळे आमचे सगळे राक्षस निळे.

चोरीचाच माल. नाही कशाला म्हणू?
पोलीस दिसले की कापडाची चारही टोकं धरायची
आणि दुकान पाठीवर टाकून पळायचं.

आमच्याकडे क्लायंट म्हणजे गिऱ्हाईक.
तुमच्याकडे क्लायंट म्हणजे
दुकानदारानं गिऱ्हाइकाच्या घरी आणून बसवलेला माणूस.
तो बघतो तू किती तास खेळलीस,
कधी उठलीस,
कुठल्या पायरीवर हरलीस.
मला तर गिऱ्हाइकाचं नावसुद्धा नको असायचं.

बरं, पहिलं दुकान, वाफेच्या नावाचं.
जुनं, गर्दीचं, आणि गर्दीला मतं फार.
दोन तासांच्या आत नाही रुचलं तर पैसे परत.
मी आयुष्यात एकदाच परत दिले,
एका रजेवरच्या शिपायाला,
तो तबकडी हातात धरून रडायला लागला म्हणून.

दुसरं दर गुरुवारी फुकट वाटतं.
तिथले तुझे दोनशे बारा खेळ.
उघडलेस किती?
(कोर्नेलिया बोटं मोजते. सात.)
फुकटाचा माल, पोरी, गिऱ्हाइकाला नाही,
गिऱ्हाइकाच्या पायाला बांधायचा असतो.

तिसरं आणि चौथं ज्यांनी खेळ बनवला त्यांची.
पहिल्याकडून घेतलेला खेळ
आधी तिसऱ्याचं दार वाजवतो,
दार पासवर्ड मागतं,
पासवर्ड फोनला विचारावा लागतो,
फोन स्वयंपाकघरात, चार्जिंगला.
तेवढ्यात मी तीन तबकड्या विकून
एकदा पळूनही आलो असतो.

पाचवं आपल्याच देशातलं.
कुलूप नाही. फाईल उतरव, घरात ठेव,
इंटरनेटची तार उपट, तरी चालते.
क्लायंट हवा तर ठेव, नको तर राहू दे.
पण नवा माल तिथे उशिरा पोचतो,
कधी पोचतच नाही,
आणि मित्र तुझे सगळे पहिल्या दुकानात.
मित्र असतात तिथेच माणूस जातं,
भाव दोन पैसे जास्त असला तरी.

मग मी फुशारकी मारली.
म्हटलं, माझ्याकडे बघ, माझं ते माझं,
कुणी खातं बंद करत नाही.
तळघरातून बूट ठेवायचा खोका आणला,
शेवटच्या धाडीतून वाचलेल्या एकोणीस तबकड्या.
तू कुठूनसा जुना ड्राइव्ह जोडलास.
तो घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला.
एकोणिसातली एकही वाचली नाही.
दिव्यासमोर धरली तर
चांदीतून आरपार उजेड येत होता,
सुईनं टोचल्यासारखा.

मी खोका बंद केला.
तू काही बोलली नाहीस, बरं केलंस.

नंतर तूच पाचव्या दुकानात शोधलास तो खेळ,
माझा सर्वांत खपणारा.
नऊ झ्वोटी.
माझं कार्ड, माझे चष्म्याआडचे डोळे,
सोळा आकडे, दोनदा चुकलेले.
जो मी हजारो वेळा विकला
त्याचे पैसे पहिल्यांदा दिले,
आणि कोणाला दिले ते दिसलं नाही.

खेळ उघडला.
पहिल्याच दालनात तो उभा, तोच, सुळ्यांसकट,
कोर्नेलिया, हिरवा.
इतकी वर्षं तो हिरवा होता.